चित्रकलेची मांडणी वर्गात परत आणा : बेळगाव परिसरातील मराठी माँटेसरी चालवणाऱ्या संस्थांना खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व संचालक यांस,
बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी शिक्षणसंस्था

सप्रेम नमस्कार.

यंदा जूनमध्ये वर्ग भरले तेव्हा आपल्यापैकी काही संस्थांच्या माँटेसरी वर्गांतली चित्रकलेची मांडणी, म्हणजे रंग, कात्री, माती यांची तबके मुलांना स्वतः घेता येतील असे उघडे कप्पे, अडगळीच्या खोलीत गेलेली होती. तिच्या जागी प्रत्येक मुलाला एक छापील रंगभरण वही मिळाली. शुक्रवारचा शेवटचा पस्तीस मिनिटांचा तास 'ड्रॉइंग' म्हणून लागला. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठी सगळ्या मुलांकडून एकसारखी वस्तू करून घ्यावी, अशी तोंडी सूचनाही शिक्षिकांना मिळाली. कारणे चार सांगण्यात आली: फरशी आणि कपडे खराब होतात, खर्च होतो, पावसाळ्यात काही वाळत नाही, आणि पालकांना लेखन हवे आहे.

हे पत्र लिहिणारे आम्ही म्हणजे याच वर्गांत शिकवणाऱ्या काही शिक्षिका, हायस्कुलांतले कलाशिक्षक आणि आपल्या शाळांत मुले पाठवणारे पालक. आपल्या शाळा टिकाव्यात ही आमचीही इच्छा आहे. या भागात मराठी माध्यमाचा एकेक वर्ग भरवण्यासाठी आपल्याला किती दारे ठोठवावी लागतात हे आम्हाला ठाऊक आहे, आणि म्हणूनच हा निर्णय गप्प बसून मान्य करता येत नाही. इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गाशी आपण वह्यांच्या संख्येने स्पर्धा करू लागलो तर आपल्याकडे वेगळे असे काय राहिले?

पाटीवर 'माँटेसरी' हे नाव आहे, तर त्या नावापासूनच सुरुवात करू. मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालघर उघडले. १९३९ साली त्या मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या. त्याच्याही आधी गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी ही पद्धत आपल्या मातीत आणली होती. पुढे बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी परदेशी संचांवर अडून न राहता आजूबाजूला मिळेल त्या वस्तूंतून साधने उभी केली. या सगळ्या परंपरेत काही गोष्टी सारख्या आहेत: मुलाच्या उंचीची उघडी मांडणी, कामाची निवड मुलाची, सकाळचे सलग तीनेक तास न तोडता मिळणारे काम, आणि घेतलेली वस्तू स्वतः पुसून जागेवर ठेवणे. चित्रकला या चौकटीच्या आतली आहे. ती शुक्रवारच्या शेवटच्या तासाला ढकलली की चौकटच मोडते.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार रंगभरण वहीबद्दल आहे, आणि ती सर्वांत मोठी आहे.

माँटेसरीबाईंनी लहान मुलांना चित्र 'काढायला' थेट शिकवले नाही. आधी हात आणि डोळा तयार करायचा, मग चित्र मूल आपले आपण काढते, ही त्यांची भूमिका. त्यासाठीची साधने आपल्याच वर्गात आहेत. रंगपट्ट्यांची पहिली पेटी सहा पट्ट्यांची: लाल, पिवळा, निळा यांच्या जोड्या. दुसरी अकरा जोड्यांची. तिसरीत नऊ रंग आणि प्रत्येकाच्या सात छटा, म्हणजे त्रेसष्ट पट्ट्या. साडेतीन-चार वर्षांचे मूल निळ्याच्या सात छटा गडद ते फिकट अशा ओळीने लावते तेव्हा त्याच्या डोळ्याला फरक कळलेला असतो. पुढची पायरी म्हणजे हाच फरक स्वतःच्या हाताने करून बघणे. मांडणीवर निळा आणि पांढरा अशा दोन वाट्या असतील तर ते मूल एकेक ठिपका पांढरा घालत स्वतःच्या छटा करते. मांडणीच नसेल तर ती पेटी फक्त जोड्या लावण्याचा खेळ होऊन बसते.

धातूच्या आकृत्यांचेही तेच: एक चौकट आणि तिच्यात बसणारी, उचलून काढता येणारी आकृती. चौरस, आयत, त्रिकोण, समलंब, पंचकोन, वर्तुळ, लंबवर्तुळ, अंडाकृती, वक्र बाजूंचा त्रिकोण आणि चार पाकळ्यांची आकृती अशा दहा आकृत्या. चौदा सेंटिमीटर चौरस कागदावर आधी चौकटीच्या आतून एका रंगाने रेघ, मग आकृती ठेवून तिच्या कडेने दुसऱ्या रंगाने रेघ, मग आतल्या भागात डावीकडून उजवीकडे जवळजवळ रेघा. काही आठवड्यांनी त्या रेघा हलक्या, पुढे हलक्यापासून गडदपर्यंत. इथे बाह्यरेषा मुलाने स्वतः काढलेली असते. पेन्सिल सटकली तर बोटांना लगेच कळते, कोणी सांगावे लागत नाही.

रंगभरण वहीत बदक, सफरचंद, फुगा यांची जाड काळी बाह्यरेषा दुसऱ्याने काढून ठेवलेली आहे. मुलाला उरते ते घासणे. मुठीत खडू धरून गोल गोल घासले की पान भरते, आणि बाहेर गेले की मोठ्यांचे 'बाहेर जाऊ नको' सुरू होते. हात पुढे सरकत नाही, पेन्सिल तीन बोटांत येत नाही, मनगट टेबलाला चिकटून राहते. त्याहून वाईट म्हणजे आपल्याला बदक काढता येत नाही, ते छापूनच यावे लागते, हे मूल चौथ्या वर्षी शिकते. हायस्कुलात आमच्यासमोर जी मुले येतात त्यांतली पुष्कळशी कोरा कागद दिला की तेच काढतात: दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी आणि नारळ. ज्यांच्या दारातून राजहंसगड दिसतो अशी येळ्ळूरची मुलेसुद्धा तेच डोंगर काढतात. हे त्यांना कोणीतरी शिकवलेले असते, आणि ते पुसायला आम्हाला वर्षे लागतात.

मुलाची स्वतःची वाट निराळी असते. दीड-दोन वर्षांपासून रेघोट्या. तिसऱ्या वर्षाच्या आसपास रेघ फिरून स्वतःला मिळते आणि बंद गोल होतो. मग फुली, गोलात फुली, गोलाभोवती किरणे. साडेतीन-चारला डोक्यालाच हातपाय फुटलेला माणूस. पाच-सहाला कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते आणि सगळे तिच्यावर उभे राहते. कमीजास्त वयात, पण जवळजवळ प्रत्येक मूल या पायऱ्या चढते. 'माणसाला पोट कुठे आहे?' असे विचारून ही वाट सुधारण्याची गरज नसते; पोट आपोआप येते. वहीत या वाटेला जागाच नाही.

दुसरी तक्रार पस्तीस मिनिटांच्या तासाची. यात मुलाचे नुकसान आहेच, पण संस्थेचेही आहे, हे कृपया लक्षात घ्यावे.

मांडणीवर प्रत्येक कामाची एक किंवा दोनच तबके असतात. ज्याला रंग हवा त्याने तबक मोकळे होईपर्यंत थांबायचे. तीस मुलांच्या वर्गात एका वेळी रंगाच्या पाण्याच्या बाटल्या असतात फक्त दोन. शुक्रवारी तीसही मुलांनी एकदम रंगवायचे म्हटले की तीस बाटल्या, तीस कुंचले, तीस ओले कागद आणि एक शिक्षिका. एप्रन चढवणे, रेक्झीन अंथरणे, पाणी आणणे यात सात-आठ मिनिटे जातात. आवरायला त्याहून जास्त. प्रत्यक्ष कामाला पंधरा मिनिटेही उरत नाहीत, आणि ती संपताना घंटा वाजते. फरशी खराब होते ती यामुळे. आपण ज्या कारणासाठी मांडणी काढली ते कारण आपल्याच वेळापत्रकाने तयार केले आहे.

रंगाचे तबक कसे असावे आणि ते मुलाला कसे दाखवावे हे इथे सविस्तर लिहितो. आपल्यापैकी कोणी ते जवळून पाहिले नसेल, आणि न पाहता ते बंद झाले आहे.

तबकात काय असते? जड बुडाची काचेची बाटली, साधारण दीडशे मिलिलिटरची, निम्मी भरलेली. पूर्ण भरली तर कुंचला बुडवताच पाणी सांडते; प्लास्टिकची हलकी असेल तर कोपर लागून पडते. एक बारा नंबरचा चपटा कुंचला, जाड दांड्याचा. एका वाटीत दोन चमचे रंग, ताकापेक्षा दाट. एक ओला स्पंज, एक पुसायचे फडके. कागद ११ × १५ इंच, निदान १२० जीएसएमचा. झेरॉक्सचा पातळ कागद ओल्या रंगाने वळतो, दुसऱ्या फटकाऱ्याला फाटतो, आणि मुलाला वाटते आपलेच चुकले.

दाखवताना शिक्षिकेने बोलणे कमी, हात सावकाश. एप्रन. रेक्झीन. कागदाच्या मागच्या बाजूला नाव, पुढे नाही. कुंचल्याचे टोक रंगात, कडेला पुसून जास्तीचा रंग काढणे, एक आडवा फटकारा, उचलणे. कुंचला झाडूसारखा मागेपुढे घासायचा नाही. मग धुणे: बाटलीत हलकेच फिरवायचा, कडेला निथळायचा, स्पंजावर टेकवायचा आणि स्पंजाकडे बघायचे. त्यावर रंग उतरला तर पुन्हा धुवायचा. या एका बघण्यावर सगळे अवलंबून आहे. ते शिकवले नाही तर तिसऱ्या मिनिटाला सगळ्या वाट्या तपकिरी होतात. शेवटी कागद वाळत घालणे, बाटली ओतणे, कुंचला आडवा ठेवणे, टेबल पुसणे. पडलेला थेंब मुलानेच पुसायचा, म्हणून फडके त्याच्या हातापाशी असले पाहिजे.

सुरुवातीला एकच रंग. दोन-तीन आठवडे एकच. मग त्याच्या जोडीला पांढरा. मग दोन मूळ रंग, आणि नारिंगी किंवा हिरवा कसा होतो हे आधी सांगायचे नाही. पहिल्याच दिवशी बारा रंगांचा डबा पुढे ठेवला तर चिखल होणारच. खरेदीत एक चूक सर्रास होते: शेंदरी झाक असलेला लाल आणला जातो. तो निळ्यात मिसळला की जांभळ्याऐवजी मळकट तपकिरी होतो आणि मूल पुन्हा पुन्हा करून कंटाळते. जांभळ्यासाठी क्रिमसन लाल आणि अल्ट्रामरीन निळा हवा. हिरव्यासाठी लिंबू-पिवळ्या वाटीत निळ्याचा थेंब टाकायचा, उलट केले तर पिवळा किती घातला तरी कळत नाही.

खर्चाचा मुद्दा. रोज दहा मुले रंगाला बसली आणि शाळेचे दोनशे दिवस धरले तर दोन हजार कागद लागतात. २२ × ३० इंचांच्या तावाचे चार तुकडे होतात, म्हणजे वर्षाला पाचशे ताव. त्यांतले निम्मे छापखान्यांच्या एका बाजूने छापलेल्या जाड उरल्यासुरल्या कागदांतून भागू शकतात. मेणखडू, कातरकाम आणि ठशांना तर तेच कागद पुरतात. तीन मूळ रंग आणि पांढरा एवढेच घ्यायचे, मोठ्या बाटल्यांत. कुंचले सहा. कात्र्या चार, बोथट टोकाच्या, त्यांतली एक डावखुऱ्या मुलासाठी. डावखुऱ्याला उजव्या हाताची कात्री दिली की पाते कागद कापण्याऐवजी दुमडते आणि सगळे म्हणतात, याला कापता येत नाही. ही यादी आणि तीस मुलांच्या रंगभरण वह्यांचे बिल एकदा शेजारी ठेवून पाहावे, अशी आमची विनंती आहे.

चिकटकामाला बाजारची बाटली लागत नाही. एक वाटी मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओतून मंद आचेवर चारेक मिनिटे ढवळायचा, चिमूटभर तुरटी घालायची. ही खळ थंडीत तीन-चार दिवस टिकते, पावसाळ्यात दोन. इथे एक गंभीर गोष्ट. बांधणीकामाच्या खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विष आहे. बाहेरून तयार खळ आणली जात असेल तर त्यात मोरचूद नाही याची खात्री केल्याशिवाय ती मुलांच्या हातात देऊ नये.

शहापूर-वडगावच्या मागांवरचे उरलेले सूत, शिंप्यांकडच्या चिंध्या, बाजारात उरलेली भेंडी आणि कारली ठशांसाठी, हे सगळे हाताशी आहे. ठसे घेताना भाजी तासभर आधी कापून कापडावर पालथी ठेवावी. ताज्या कापाचे पाणी रंगात उतरते आणि ठसा पसरतो.

आणि माती! मातीकाम बंद होणे आम्हाला सर्वांत जास्त लागले. खानापूरच्या मातीवर कौले आणि भांडी होत आली आहेत. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था त्याच गावात आहे. त्या तालुक्यातल्या बालवाडीतसुद्धा मुले प्लास्टिकच्या डबीतला रंगीत गोळा चिवडतात, हे बघवत नाही. माती तयार करणे अवघड नाही. वाळवून कुटायची, दोन दिवस भिजत घालायची, चाळणीतून गाळून खडे आणि काच काढायची, जाड कापडावर पसरून जास्तीचे पाणी जाऊ द्यायचे, मळायची. बोटाला न चिकटता वळली पाहिजे. मोसंबीएवढे गोळे करून ओल्या फडक्यात, झाकणाच्या डब्यात ठेवले की आठवडाभर राहतात. सुकले तर टाकायचे नाहीत, पुन्हा भिजवायचे. मुलाला एक गोळा, एक लाकडी फळी, एक ओले फडके. साच्यांची गरज नाही. आधी नुसते दाबणे, चिमटणे, मग लांब वळ्या, मग वळ्यांची चवड. गणपतीच्या आधी मूर्तिकारांकडे शाडू मागितला तर मिळतो. प्लास्टर मात्र मुलांच्या हातात कधीही देऊ नये: ते घट्ट होताना तापते आणि हात आत राहिला तर भाजते. ओल्या मातीत दहा मिनिटे काम केलेल्या हाताला पेन्सिल पेलते. बोटांची ताकद वही भरून येत नाही.

यावरून पालकांच्या लेखनाच्या मागणीकडे येतो, कारण ती मागणी खरी आहे आणि तिचे उत्तर द्यायलाच हवे. या भागातल्या मुलावर लिप्यांचे ओझे इतरांपेक्षा जास्त असते. पहिलीपासून त्याला मराठीबरोबर कन्नड गिरवायचे असते, इंग्रजीही मागे नसते. देवनागरीला उभा दांडा आणि शिरोरेषा. कन्नड अक्षर गोलाईचे, वेटोळ्याचे, रेघ न तोडता फिरवायचे. एका हाताला दोन्ही वळणे यायची असतील तर त्या हाताने आधी मोठ्या कागदावर खांद्यापासून फटकारे मारलेले असले पाहिजेत, गोल फिरवलेले असले पाहिजेत, आकृत्यांच्या कडा धरलेल्या असल्या पाहिजेत. खरखरीत अक्षरांवर बोट फिरवण्याचा पाया हाच. चार वर्षांच्या मुलाकडून दुरेघी वहीत 'अ' गिरवून घेतल्याने पालक आठवडाभर खूश होतील. पण पकड एकदा चुकीची बसली की ती सोडवताना तेच पालक दुसरीत हैराण होतात. पालकांना हे सांगणे संस्थेचे काम आहे. आम्ही त्यासाठी हवी तितकी पालकसभा घ्यायला तयार आहोत.

भाषेचा आणखी एक धागा आहे. आपल्या वर्गात घरी मराठी बोलणारी मुले असतात, कोंकणी, कन्नड, उर्दू बोलणारीही असतात. जूनमध्ये कित्येक मुले आठवडेच्या आठवडे बोलत नाहीत. चित्राच्या मांडणीसमोर त्यांना कोणाची भाषा लागत नाही. शिक्षिका हाताने दाखवते, मूल हाताने करते, आणि वर्गातले पहिले पूर्ण केलेले काम त्याचे स्वतःचे असते. शब्द त्यामागून येतात: निळा, गडद, फिकट, जाड, ओला. ही नावे तीन पायऱ्यांनी द्यायची. 'हा गडद', मग 'गडद कुठला?', मग 'हा कसा?' सीमाभागातल्या मराठी शाळेसाठी मराठी शब्द रुजवण्याची याहून मोकळी जागा आम्हाला माहीत नाही. ती आपणच बंद करावी याचे दुःख होते.

तिसरी तक्रार प्रदर्शनाची. एकसारखे तीस मोर करून घ्यायचे म्हटले की कापते शिक्षिका, चिकटवते शिक्षिका, मुलाच्या वाट्याला डोळ्याचा ठिपका येतो. रात्री उशिरापर्यंत बसून ते पुरे करणाऱ्या शिक्षिकेचाही विचार व्हावा. बक्षिसे तर या वयाला नकोतच. एकाला पहिला नंबर दिला की उरलेली मुले पुढच्या वेळी त्याचेच चित्र काढतात. प्रदर्शन भरवा, जरूर भरवा. प्रत्येक मुलाची जून, ऑक्टोबर आणि फेब्रुवारीतली तीन चित्रे तारखेसह शेजारी लावा. रेघोट्यांपासून माणसापर्यंतचा प्रवास पालकांना डोळ्यांनी दिसेल, आणि त्यांना वेगळे काही समजावावे लागणार नाही.

पावसाळ्याची अडचण मात्र खरी आहे. बेळगावच्या जुलैत दोरीवर टांगलेला कागद दुसऱ्या दिवशीही ओला असतो, रंग ओघळतो आणि कडेला बुरशी धरते. उपाय असा: जून ते ऑगस्ट रंगाचे एकच तबक ठेवावे आणि रंग दाट करावा. कागद टांगण्याऐवजी जाळीच्या कप्प्यांत आडवे वाळवावेत. लाकडी चौकटीला तारेची जाळी ठोकून कोणताही सुतार ते करून देईल. कोरा कागद पत्र्याच्या पेटीत राहावा. या महिन्यांत मेणखडू, कातरकाम, घडीकाम आणि माती यांवर भर द्यावा. कातरकामाची सुरुवात दोन सेंटिमीटर रुंदीच्या जाड पट्टीने, एका कापात तुकडा पडेल अशी. मग सरळ रेघ, मग वळण, गोल सर्वांत शेवटी. म्हणजे पावसाळा कातरकामाला आणि मातीला उत्तम. त्यासाठी मांडणी काढण्याचे कारण नाही.

रंगांच्या सुरक्षिततेबद्दल थोडेसे. तीन वर्षांचे मूल बोट तोंडात घालणारच. खेळण्यांसाठी आयएस ९८७३ हे भारतीय मानक आहे आणि २०२१ पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचे आहे. लहान मुलांसाठीचे रंग घेताना बिनविषारी असल्याची नोंद आणि उत्पादकाचे पूर्ण नाव-पत्ता पाहावा. सुटा भुकटी रंग, होळीचा रंग, रांगोळीचा रंग शाळेत आणू नये. घरच्या घरी हळद, बीट, गेरू यांनी काम होते, आणि हळदीवर साबणाचे पाणी पडताच ती लाल होते हे बघायला मुले पुन्हा पुन्हा येतात.

आमच्या मागण्या अशा:

१. चित्रकलेची मांडणी दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवसापासून प्रत्येक शिशुवर्गात परत यावी आणि रोज, सकाळच्या संपूर्ण कामाच्या वेळात उघडी असावी. रंग, मेणखडू, कातरकाम, चिकटकाम, माती, ठसे ही सहा कामे. जागा पाण्याच्या नळाजवळ, खिडकीच्या उजेडात. उभ्याने रंगवण्याचा फळा असेल तर कागदाची खालची कड मुलाच्या कमरेला यावी. मोठ्यांच्या उंचीचा फळा कापून घ्यावा.

२. छापील रंगभरण वही पुढच्या वर्षीच्या पुस्तकयादीतून काढावी. यंदा विकत घेतलेल्या वह्यांची मागची कोरी पाने वापरून संपवता येतील.

३. कलेसाठी प्रत्येक वर्गाला वर्षाच्या सुरुवातीला ठरलेली रक्कम द्यावी आणि ती खर्च करण्याचा अधिकार वर्गशिक्षिकेकडे असावा. दहा रुपयांच्या स्पंजासाठी तीन सह्या लागू नयेत.

४. शिशुवर्गात चित्रकला स्पर्धा आणि एकसारख्या कलाकृतींची सक्ती बंद व्हावी.

५. शिक्षिकांना दरवर्षी दोन दिवसांचे हाताने करायचे प्रशिक्षण मिळावे: रंग कालवणे, माती मळणे, तबक मांडणे, दाखवणे. रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार ज्या गावात जन्मले त्या बेळगावात ते शिकवणाऱ्या कलावंतांची वाण नाही. आमच्यातले कलाशिक्षक यासाठी मानधन घेणार नाहीत.

६. असे निर्णय यापुढे तोंडी न होता लेखी व्हावेत, आणि त्याआधी वर्गात काम करणाऱ्या शिक्षिकांना विचारले जावे.

संचालकांपैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी एखाद्या शनिवारी सकाळी वर्ग सुटल्यावर दोन तास द्यावेत. आम्ही सहाही तबके मांडून ठेवू. प्रत्येकाने एक काम स्वतः करून, धुऊन, पुसून जागेवर ठेवावे, आणि मग आमच्याशी चर्चा करावी. या पत्राचे लेखी उत्तर दसऱ्याच्या सुट्टीआधी मिळावे ही विनंती.

आपले,
शिशुवर्गांच्या शिक्षिका, कलाशिक्षक आणि पालक
बेळगाव